चंपतरावाचं बँकेचं हळदीकुंकू

चंपतरावाची टिंगल करायची कोणाला गरजच पडत नसे. ते काम तो स्वतःच करी, आणि दुसऱ्यापेक्षा झकास करी. "नाव पाहा माह्यं, चंपत. अन् धंदा काय, तं लोकायचे पैसे जमा करनं. माह्या बापाले आधी माहीत असतं तं बारशातच दुसरं नाव काढलं असतं," असं तो बोरगाव फाट्यावरच्या चहाच्या टपरीत बसून सांगे, आणि टपरी हसे. हसणाऱ्यांतले निम्मे त्याच्याकडेच पैसे ठेवत. जो स्वतःवर हसू देतो तो आपल्याला काय बुडवणार, असा त्यांचा हिशोब, आणि तो काही चुकीचा नव्हता.

तो ग्रामीण बँकेचा बँकमित्र. म्हणजे माणूस बँकेचा, पण पगाराचा नाही, कमिशनचा. नेरडीगोंड्याहून आदिलाबादकडं येणाऱ्या हायवेला लागून त्याचं घर. घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर, अंगठा लावायचं यंत्र आणि दारावर बँकेचा बोर्ड. याला सगळे पॉइंट म्हणत. गावातल्या बाया कापूस वेचणीची मजुरी आणि बचत गटाचे पैसे तिथंच भरत. मोठ्या शाखेत जायचं म्हणजे दिवस मोडायचा, आणि तिथले साहेब तेलुगूत ओरडायचे. चंपतराव मराठीत ओरडे, तेही हसत.

पॉइंट उभा राहिला तो बयनाबाईच्या जिवावर. बयनाबाई त्याची मोठी बहीण; तो तिला नुसतं 'बाई' म्हणे. नवरा तरुणपणीच वारला, ती माहेरी आली, आणि आई गेल्यावर या चंपतला तिनंच लहानाचं मोठं केलं. ओढ्याकाठी वांगी, मेथी लावायची आणि फाट्यावर बसून विकायची, एवढाच तिचा संसार. हायवे रुंद झाला तेव्हा तिच्या सासरकडच्या वाट्याची जमीन रस्त्यात गेली आणि सरकारकडून चौदा लाख आले. ते तिनं भावाच्या पॉइंटवरून फिक्समध्ये टाकले. गावात एवढी ठेव दुसऱ्या कोणाची नव्हती. बाकीच्यांच्या ठेवी म्हणजे चिल्लर-खुर्दा.

आता सरकारचं डोकं कसं चालतं ते देवालाच ठाऊक. मागं एका आदिलाबाद जिल्ह्याचे चार केले. बासर निर्मळात गेलं, बेल्लमपल्ली मंचेरियालात गेली, आणि लोकांना दाखल्यासाठी नवीन बस शोधाव्या लागल्या. एका सरकारनं जिल्हा फोडला, तर दुसरं आता बँका जोडायला निघालं. संक्रांतीच्या तोंडावर दोन ग्रामीण बँकांची एक झाली. चार दिवस यंत्र बंद. लगेच कोणीतरी पुडी सोडली की बँक बुडाली. बाया दारात जमल्या.

"बुडाली नाई वो," चंपतराव सांगू लागला. "दोघा भावायच्या चुली एक झाल्या, इतकंच."

"मंग डब्याची चाबी कोन्या जावेजवळ?" वच्छलाबाईनं विचारलं. ती बचत गटाची म्होरकी, तिला गप्प बसवणं अवघड.

चंपतरावानं हात वर केले. तो म्हणाला, "मले सांगितलं नाई. मी या घरचा गडी." बाया हसल्या आणि पैसे न काढता घरी गेल्या. हे त्याला जमायचं.

पण चूल एक झाल्याचा चटका त्यालाच बसला. शेजारच्या गावात माणिकरावाचा पॉइंट होता, दुसऱ्या बँकेचा. बँकाच एक झाल्या, तर एवढ्याशा अंतरात दोन पॉइंट कशाला? वरून निरोप आला की मार्चअखेर ज्याच्याकडं ठेवी जास्त तो राहील, दुसरा बंद. माणिकराव कमी बोलतो, त्यामुळं लोकांना तो हुशार वाटतो. वर भर म्हणून फाट्यावर निळ्या बोर्डाची एक खासगी बँक उघडली. काचेचं दार, आत थंडगार, ठेवीवर अर्धा टक्का जास्त, आणि मॅनेजर केरळचा, जोसेफ नावाचा पोरगेलासा माणूस. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

चंपतरावाचा सगळा जीव आता बयनाबाईच्या फिक्समध्ये अडकला होता. ती मुदत संक्रांतीनंतर सरत होती. तो मात्र निर्धास्त. "बाई कुठं जाते? घरचीच हाय," तो बायकोला, मालनबाईला, म्हणाला. काळजी होती ती बाकीच्या बायांची. त्यांना धरून ठेवायला काहीतरी करायला हवं होतं. मग त्याला ती नामी कल्पना सुचली. पॉइंटवर हळदीकुंकू घालायचं. बँकेच्या नावानं वाण लुटायचं. निळ्या बोर्डाच्या त्या केरळवाल्याला हे सात जन्मांत सुचणार नाही, कारण त्याला आपल्या लोकांचं काय माहीत? आपली रीत, आपली माणसं चंपतरावाला माहीत. या वाक्यावर तो फार खूश होता. पुढं स्वतःची फजिती सांगताना तो हे वाक्य आधी सांगे आणि मग कपाळावर हात मारून घेई.

वाणाला चहाच्या गाळण्या आणल्या. त्यावर बँकेच्या नावाची चिकटपट्टी छापून घेतली, आणि छापून आल्यावर ध्यानात आलं की ते नाव जुन्या बँकेचं आहे. जी बँक आता नाही तिच्या नावानं वाण. मालनबाई म्हणाली, "धुतलं का निघून जाईन." तिळगुळाचे लाडू बयनाबाईनं केले. तीळ तिनंच ओढ्याकाठी पिकवलेले, गूळ तिनं आदिलाबादहून आणवला, आणि दोन दिवस चुलीपुढं बसून लाडू वळले. कोणी सांगितलं नव्हतं. भावाच्या घरचं काम, सांगायचं कशाला?

हळदीकुंकवाला सवाष्णी बोलावतात, विधवेला बोलावत नाहीत. हे कोणाला शिकवावं लागत नाही. बोलावणं करणाऱ्याची पावलं त्या दारापुढून आपोआप सरळ जातात. मालनबाई घरोघर फिरली तेव्हा तिचीही तशीच गेली.

संध्याकाळी पुढची खोली बायांनी भरली. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून त्यावर हळदीकुंकवाची वाटी ठेवली होती. तेवढ्यात बयनाबाई लाडवाचा डबा घेऊन समोरच्या दारात आली. हिरवं लुगडं नेसली होती, चंपतरावानं पॉइंटच्या पहिल्या कमिशनातून घेतलेलं. एक पाय उंबऱ्यावर होता. चंपतराव लगबगीनं उठला आणि हळूच म्हणाला, "बाई, मागून दे ना. इथं बाया बसल्या हायेत."

"हो बापा," ती म्हणाली आणि घराला वळसा घालून मागं गेली. मालनबाईनं डबा घेतला. बयनाबाई वांग्याला पाणी द्यायचंय म्हणून तशीच निघून गेली. चंपतरावाच्या मनात काहीसुद्धा आलं नाही. तो बायांपुढं उभा राहून भाषण करू लागला: "ही बँक तुमची हाय. बोर्ड बदलला, मानसं नाई बदलली. इथं कोनी परकं नाई." बायांनी लाडू खाल्ले, गाळण्या घेतल्या, आणि चार-पाच जणींनी तिथल्या तिथं नवीन फिक्सचे फॉर्म भरले. चंपतराव त्या रात्री राजासारखा झोपला.

आठवडाभरात निळ्या बोर्डाच्या बँकेनंही हळदीकुंकू घातलं. जोसेफनं ऐकलं होतं की बायांना बोलवायचं आणि भेट द्यायची; एवढंच त्याला समजलं होतं. गावातल्या ज्या ज्या बाईचा फोन नंबर मिळाला तिला फोन. ना हळद, ना कुंकू, नुसत्या खुर्च्या, समोसे आणि स्टीलचे टिफिन. ज्या गेल्या, त्यांत बयनाबाई होती. तिला त्यानं पहिल्या ओळीत बसवलं आणि पहिला टिफिन तिच्या हातात दिला. टपरीवर चंपतराव पोट धरधरून हसला. "केरळात कुंकू महाग असंल," म्हणाला.

मग मुदत सरायला आली, आणि तो फॉर्म घेऊन बहिणीच्या घरी गेला. ती ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती.

"बाई, सही कर. बुधवारी फिक्स सरते."

"सही नाई करत. फाट्यावरच्या बँकेत टाकून राह्यली मी."

त्याला वाटलं थट्टा. तो हसला. ती हसली नाही.

"काऊन? अर्ध्या टक्क्यासाठी?"

"अर्धा टक्का घेऊन मी काय करू? कोनासाठी?" तिनं जुडी बाजूला ठेवली. "त्या पोरालेबी माह्ये पैसेच पायजेत, मले समजते. मी येडी नाई. पन त्यानं समोरच्या दारानं बोलावलं अन् खुर्ची देल्ली. तुह्या घरी माह्ये लाडू चालले, माह्ये पैसे चालले. मी मागून."

त्यानं चटकन नेहमीचं हत्यार काढलं. "मी गाढव हाय बाई. खरं सांगतो, गाढवालेबी कमीपना वाटन..."

"ते नोको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "लहानपनापासून तू असाच सुटते. दुधाचं गंज लवंडलं का 'मी गाढव' म्हने. मले हासू ये अन् तुह्या मार चुके. आज सुटू नोको."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःवर एकही विनोद सुचेना. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाटलं ते वाईट. हिरवं लुगडं आता डोळ्यापुढून हलेना. लोकांच्या बायकांचे वाढदिवस तोंडपाठ ठेवणारा हा बँकमित्र, आणि उंबऱ्यावरची बहीण त्याला दिसली नव्हती. काखेत कळसा, दुसरं काय.

शेवटी तो म्हणाला, "पॉइंट जाईन माह्या."

"मले माहीत हाय. म्हनून तं दोन दिवस जेवन गेलं नाई." तिनं पुढची जुडी घेतली. "तरी टाकून राह्यली. बुधवारी मोटरसायकल आनजो. इतल्या पैशाचं काम, एकटी कशी जाऊ?"

तर असा हा बँकमित्र. गावातली सगळ्यात मोठी ठेव स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून, स्वतःच्या पैशाचं पेट्रोल जाळून समोरच्या बँकेत नेऊन पोचवली. काचेच्या दाराशी थांबला, तर बयनाबाई म्हणाली, "चाल आत." जोसेफनं विचारलं, "ये कौन?" ती म्हणाली, "भाऊ हाय माह्या." त्यानं लगेच खुर्ची दिली, पाणी मागवलं, उरलेला एक टिफिनही दिला. तो माणूस लबाड निघाला असता तर चंपतरावाला बरं वाटलं असतं. पण चांगला निघाला. परतताना बयनाबाईनं भावाच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि टिफिन तिच्या मांडीवर होता.

मार्चअखेर माणिकराव राहिला आणि चंपतराव गेला. बोर्ड काढायला माणिकरावच आला. येताना शिडी आणायला विसरला, म्हणून ती चंपतरावानं दिली, आणि चढताना धरूनही उभा राहिला. टपरीवर हा किस्सा चांगलाच रंगला. जुन्या बँकेच्या गाळण्या, टॉवेलखालचा कॉम्प्युटर, शिडी, स्वतःच पोचवलेली ठेव, सगळं चंपतराव नक्कल करून सांगे. मागच्या दाराचं तेवढं गाळून सांगे.

एक दिवस नागोराव, फाट्याजवळ कापूस लावणारे, म्हातारे मानाचे गृहस्थ, चहा पिता पिता म्हणाले, "काहीबी म्हन चंपत, तुह्या बहिनीनं बरं नाई केलं. अर्ध्या टक्क्यासाठी सख्ख्या भावाच्या पोटावर पाय. पैशापुढं कोन कोनाचं."

सगळ्यांनी चंपतरावाकडं पाहिलं. आता तो काहीतरी बोलणार आणि हशा पिकणार. बोलायला त्याच्या जिभेवर होतंही. "टक्का मोठा का भाऊ मोठा" असं काहीतरी. टपरी हसली असती, आणि तो अर्धा टक्का जन्मभर बयनाबाईला चिकटला असता. रस्त्याच्या पलीकडं ती वांग्याची टोपली घेऊन बसली होती, कोणाला तरी भाव सांगत.

त्यानं ग्लास खाली ठेवला. "टक्क्याची गोष्ट नाई, नागोराव. संक्रांतीले ती समोरच्या दारानं आलती. चांगलं लुगडं नेसून, डबा घेऊन. मीच म्हनलो, मागून दे. बाया बसल्या हायेत म्हनलो."

कोणीतरी सवयीनं हसलं. चंपतराव बोलला म्हणजे हसायचंच. मग त्याचं तोंड पाहून गप्प झालं. नागोरावांनी बशीत उरलेला चहा पिऊन टाकला. त्यांच्याही घरी एक विधवा बहीण होती, आणि संक्रांतीला तिलाही मालनबाईनं बोलावलं नव्हतं.

"लाडू मातर चांगले होते म्हने," ते अखेर म्हणाले. "घरवालीनं आनलते वाटे दोन."

"बाईनंच केलते," चंपतराव म्हणाला.