शोभेची मशीद

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते चादरीच्या घडीचं. स्टुटगार्टला मुलाच्या घरी तिनं दोन कोपरे धरले, मी दोन. "अहो, ताणा जरा. सकाळी जेवलात ना?" ती म्हणाली. मी ताणलं. त्याच दुपारी बसल्या जागी ती गेली. नातू बघायला म्हणून तीन महिन्यांसाठी आलो होतो आम्ही.

मी चौथी शिकलेला माणूस, गोड बोलता येत नाही. खंडोबाला सरळ म्हणालो, जन्मभर तुझी तळी उचलली आणि तू माझ्या बायकोला मुलखाबाहेर आणून मारलंस. त्यात इथला कायदा असा की अस्थी घरी देत नाहीत. राखेचा कलश इथल्याच दफनभूमीत पुरायचा. आपली नदी नाही, आपलं माणूस नाही. कलश पुरायला मी येणार नाही, असं मुलाला सांगून टाकलं. पुरायच्या आदल्या दिवशीही घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. तो एवढंच म्हणाला, "आबा, आईला मी एकट्यानं कसं ठेवू?" मग मला गाडीत बसवून बाहेर घेऊन गेला.

आधी हायडेलबर्गचा पडका राजवाडा दाखवला. छप्पर उडालेलं, खिडक्यांतून नुसतं आभाळ. लोक फोटो काढत होते. मला तिथं उभं राहवेना. मग जवळच श्वेत्सिंगनला राजाच्या बागेत नेलं. तिथं तुर्की घाटाची मशीद आहे; दोन मिनार, घुमट, भिंतींवर सोनेरी अक्षरं. मुलगा म्हणाला, इथल्या राजानं हौसेखातर बांधली, नमाजासाठी नव्हे. तळ्यापलीकडचं देऊळसुद्धा मुद्दाम पडकंच बांधलेलं. मी म्हणालो, यांना धड बांधायला काय झालं होतं?

तरी दारात पाय ऐकेनात, मी बूट काढले. पहारेकरी धावत आला, गरज नाही म्हणाला. पण तिथं आधीच एक जोड होता, सिमेंटनं माखलेला. आत भिंतीशी एक तुर्की मजूर बसला होता. ही सत्तर सालच्या आसपासची गोष्ट; तेव्हा ते लोक बायकापोरांसह इकडं कामाला येऊ लागले होते. अनवाणी आम्ही दोघंच. तो हसला आणि सरकून जागा दिली.

मुलाच्या जर्मनमधून बोलणं झालं. त्याची सहा वर्षांची लेक तापानं गेली. गावी न्यायला जमलं नाही, इथंच पुरली. मी विचारलं, "मग तुला झोप लागते का?" मुलगा हे विचारायला कचरला. मी म्हटलं, विचार.

 "मला नाही लागत," तो माणूस म्हणाला. "तिला लागते. मी तिला वरच्याकडं सोपवलंय, मातीकडं नाही."

कुणी याला चमत्कार म्हणावं, कुणी म्हणू नये. मला एवढंच कळतं, की ज्याच्याशी मी भांडत होतो त्यानंच हा माणूस माझ्या आधी तिथं आणून बसवला होता. मन शांत झालं असं खोटं लिहीत नाही. परतताना गाडीत माझे पाय हलतच होते. पण तिला कुठं ठेवायचं हा हट्ट माझा. तिला सांभाळणं माझ्या हातात कधीच नव्हतं. त्या भल्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं. त्याच्या लेकीसाठी रोज देवाकडं मागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाच्या आधी तयार झालो. दफनभूमीतला माणूस दोरीनं कलश खाली सोडायला लागला, त्याला थांबवलं. ओल्या गवतावर पालथा झालो, दोन्ही हातांनी कलश खड्ड्यात ठेवला आणि खंडोबाला म्हणालो, "घे, सांभाळ." मग माती लोटली.