दोनशे आठवर काटा

मिस्त्रीणबाईंच्या अंगठ्याची गल्लीभर ख्याती होती. सायकलचं टायर दाबून त्या हवा सांगायच्या आणि गिऱ्हाइकं म्हणायची, मीटर राहू दे, अंगठा लावा. तोच अंगठा दोन वर्षांपूर्वी पंक्चर चिकटवायच्या तापलेल्या साच्यात सापडला. जखम भरली, पण टोकाची जाणीव गेली ती गेलीच. बाईंनी घरात कुणाला कळू दिलं नाही. साध्या सायकलींची टणक टायरं, चारदोन पौंड इकडेतिकडे झाले तरी खपून जायचं.

खपलं नाही ते लेकीच्या सायकलीत. वाळूत पळवायची सायकल ती, टायर मांडीएवढं जाड आणि आत हवा जेमतेम चार पौंड. पौंडभर जास्त झाली की चाक वाळूत रुततं, पौंडभर कमी झाली की दगडावर रिम आपटते. मागच्या शर्यतीत रिम आपटली आणि लेकीचं मनगट मोडलं. हवा आईनेच बघून दिली होती. लेक म्हणाली, नशीब. आईनेही मान डोलावली. डॉक्टरांनी बजावलं होतं, हेच हाड पुन्हा मोडलं तर सायकल विसरायची.

आज दहाला शर्यत होती आणि साडेआठ वाजले होते. पंपाचं मीटर दीडशे पौंडांचं. चार पौंडांना त्याचा काटा शून्यावरून उठतसुद्धा नव्हता. लेक घाई करत होती, आई, तू अंगठा लाव की. बाईंनी दाबल्यासारखं केलं, "चार आहे" म्हणाल्या.

मग त्या तरातरा आत गेल्या आणि सासूबाईंचं रक्तदाबाचं यंत्र घेऊन आल्या. तीनशेपर्यंत आकडे असलेली घड्याळासारखी तबकडी आणि रबरी नळी. लेकीने फोनवर हिशेब केला: एक पौंड म्हणजे यावरचे बावन्न. पुढे चार पौंड, दोनशे आठ. मागे पाच, दोनशे साठ. बाईंनी जुन्या पंपाचं तोंड कापून नळीला तारेने आवळलं. काटा तीनशेपलीकडे गेला तर यंत्र कायमचं बाद, म्हणून हात जपून चालला होता.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझा वाढला तर गोळी देता. याचा वाढला तर काय देणार?"

पुढच्या चाकाला नळी लागली. काटा थरथरत चढला आणि दीडशेवर थांबला. तीन पौंडसुद्धा नाहीत.

"यंत्र बिघडलंय," लेक म्हणाली. "तुझा अंगठा चुकतो होय कधी?" आणि ती नळी उपसायला वाकली.

यंत्रावर ढकलून मोकळं होता आलं असतं. बाईंनी तिचा हात धरला.

"यंत्र बरोबर आहे. माझ्या अंगठ्याला कळत नाही. साच्यात भाजला तेव्हापासून. मागच्या वेळीही कळलं नव्हतं."

लेकीने आपल्या मनगटाकडे पाहिलं. सासूबाई आत निघून गेल्या. मग लेक पंप ओढून बसली आणि तुटकपणे म्हणाली, "नळी काढताना फुस्स होतं. तेवढी जास्त धरू."

काटा दोनशे पंधरापर्यंत चढवला. नळी काढून पुन्हा लावली, तेव्हा दोनशे आठ. मागच्या चाकाला तीन वेळा करावं लागलं. लेक सायकल घेऊन गेली, नेहमीचं "येते" न म्हणता.

साडेअकरापर्यंत बाईंनी एकच चेन तीनदा पुसली. मग फोन वाजला. "हात शाबूत आहे. नंबर नाही आला." लेक म्हणाली, "घरी आल्यावर बोलायचंय मला."

"ये," बाई म्हणाल्या.

दारात पाववाला सायकल टेकवून उभा होता. घाईत आहे, म्हणाला, मीटर नको, अंगठा लावा.

"अंगठा गेला माझा," बाई म्हणाल्या आणि पंपाचं मीटर उचललं. "उभे राहा दोन मिनिटं."