टेपमावशीच्या वहीची पानं

टेपमावशीच्या गळ्यात टेप दिसली नाही, तर गल्लीतली माणसं तिच्या तब्येतीची चौकशी करायची. चौतीस वर्षं तिचं शिवणाचं दुकान जिन्याखालच्या त्याच जागेत होतं. एक मशीन, एक बेतायचं टेबल, फळीवर अकरा जाडजूड वह्या आणि कोपऱ्यात पडदा लावलेली माप घ्यायची खोली. खोली म्हणायची आपली एक पद्धत. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास बाहेरच घ्यावा.

नवरा लवकर गेला. मुलाला तिने याच मशीनवर वाढवलं, त्याचं लग्न केलं आणि सुनेला काज-बटणं शिकवून दुकानात बसवलं. बाई कामाला वाघ, पण आपल्या शिलाईला कुणी नाव ठेवलेलं तिला खपत नसे. एकदा एका गिऱ्हाइकाने बाही आखूड झाली म्हटलं, तर तिने त्याचा हात धरून टेप लावली आणि त्याचाच हात लांब आहे हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

आणखी एक गोष्ट होती. इतर दुकानांत मास्तर माप घेतो, आकडा मोठ्याने सांगतो आणि टेबलावरचा माणूस लिहून घेतो. कुणाची कंबर किती सुटली ते सगळ्या दुकानाला कळतं. मावशीने हे कधीच केलं नाही. ती पडद्याआड माप घ्यायची, आकडे मनात धरायची आणि बाहेर येऊन गुपचूप वहीत उतरवायची.

"आई, तुम्ही आतून सांगा, मी बाहेर लिहिते. वेळ वाचेल," सून नवी असताना म्हणाली होती.

"वेळ वाचेल आणि माणूस उघडा पडेल," मावशी म्हणाली. "आकडा तोंडातून सुटला की गावाचा झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि झाकली कंबर त्याहून जास्त."

वहीत एका माणसाला एक पान. माणूस वाढला, सुटला, वाळला की त्याच पानावर खाली नवे आकडे. ज्याला वाचता येतं त्याला त्या पानावर सगळा जन्म दिसावा. कुणाच्या पाठीला बाक येतोय, कुणाला घरी सांगायच्या आधीच दिवस गेलेत, कुणाचं अंग दुखण्याने झडलंय, हे मावशीला टेपच सांगायची. बालवाडीच्या बाईंचं पानही तिथेच होतं. चार वर्षांपूर्वी मोठ्या आजारात त्यांची डावी छाती काढावी लागली. ही गोष्ट डॉक्टर, बाई आणि मावशी या तिघांनाच ठाऊक होती. बाईंच्या सख्ख्या बहिणीलासुद्धा नव्हती. मावशीने त्यांना एक लांब कोट शिवून दिला, डावीकडे आतून कापसाची भर घालून. तो कोट घालून बाई पहिल्यांदा ताठ चालत गेल्या, तेव्हा मावशी मशीन थांबवून दारात उभी राहिली आणि तिला चक्क रडू आलं.

गल्लीत खांबांवर कॅमेरे लागले तेव्हा मावशीनेही मान डोलावली होती. नुकताच तिच्या दारातून कापडाचं ठाण चोरीला गेलं होतं. मग आणखी कॅमेरे आले. एक शाळेसमोर, एक वाचनालयाच्या दारावर, एक थेट मावशीच्या दुकानाकडे तोंड करून. चोर काही सापडला नाही. पण वाचनालयात रोज बसणाऱ्या दोघांना कॅमेऱ्यांच्या कचेरीत बोलावून विचारलं गेलं, की तुम्ही रोज काय वाचता? त्यानंतर महिन्याभरात भिंतींवर कागद दिसायला लागले. त्यांवर एकच ओळ असायची: 'आमच्या चित्रांची प्रत कुणाकडे आहे?' सकाळी कागद दिसायचे आणि दुपारी खरवडून काढले जायचे.

अशाच एका दुपारी त्या कचेरीतला साहेब दुकानात आला. पस्तिशीचा, इस्त्रीचे कपडे, हातात मोठा फोन. मावशीने त्याला पायरीवरच ओळखलं. त्याच्या शाळेच्या चार पँटी तिने शिवल्या होत्या. त्यालाही आठवत असावं, पण खुर्ची मिळाली की आठवण जरा पातळ होते.

"मावशी, शहरातल्या सगळ्या शिंप्यांकडून मापं गोळा करतोय आम्ही," तो गोडीत म्हणाला. "चेहरा झाकला तरी बांध्यावरून माणूस ओळखता येतो आता. फक्त मापं हवीत. बाकीच्यांनी दिली."

"बाकीच्यांनी दिली ती त्यांची. माझ्याकडची माझी नाहीत."

"अहो, कर नाही त्याला डर कशाला?"

मावशीने पडद्याकडे बोट केलं. "मग हा पडदा काढून टाकू? कपडे बदलणं हा काही गुन्हा नाही. तरी उद्यापासून बाहेर उभं राहून माप देईल का कुणी? तुम्ही द्याल?"

साहेब हसला, पण हलला नाही. त्याने फोनवर एक चित्र काढून तिच्यापुढे धरलं. भिंतीजवळ वळताना टिपलेली एक बाई, चेहऱ्यावर फडकं, अंगात लांब काळा कोट. बालवाडीच्या बाईंचा कोट मावशीने लगेच ओळखला. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चौतीस वर्षं तिने हेच तर केलं होतं.

"कोट कुणी शिवलाय सांगता येईल?"

"काळा कोट काय, शंभर असतात."

"तेही खरं. आणि हा कुण्या नवशिक्याचा दिसतो," साहेब चित्र मोठं करत म्हणाला. "ही डावीकडची शिवण बघा की, सरळसरळ वाकडी गेलीय."

"वाकडी?" मावशी ताडकन उठली. "ती मुद्दाम तिरकी घेतलीय! सरळ घेतली असती तर त्या बाजूला कापड खाली बसलं असतं. दोन दिवस लागलेत त्या एका शिवणीला!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. सुनेच्या हातातली सुई तशीच राहिली होती.

साहेबाने फोन खिशात घातला. त्याचा आवाज तसाच मऊ होता. "म्हणजे माप तुमच्या वहीत आहे."

आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. "आहे," ती म्हणाली. "आणि तोंडी मागून वही मिळणार नाही. लेखी आणा."

"परवा आणतो," असं म्हणून तो गेला.

त्यानंतर मावशी बराच वेळ मशीनला हात न लावता बसली. आपल्या हातांचं कौतुक करायला गेलो आणि एका बाईला उघडं पाडलं, ही गोष्ट तिला सहन होईना. बाईंची नोकरी जाईल, त्यांना धरून नेतील, हे तर होतंच. पण त्यांच्या छातीचा आकडा एखाद्या कचेरीत चार अनोळखी माणसं वाचतील, या विचाराने ती उठून उभी राहिली.

"आई, देऊन टाका ना," सून रडवेली झाली. "आपण काय त्यांचं घोडं मारलंय? उगाच विस्तवाशी खेळ."

"देणारच आहे," मावशी म्हणाली आणि फळीवरून पहिली वही खाली काढली. "पण ज्याचं त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून घरोघर निरोप देऊन आली: दुकानात या, तुमचं काहीतरी राहिलंय. कुणाला वाटलं कापड उरलं असेल, कुणाला वाटलं मावशी दुकान बंद करतेय. दहा वाजेपर्यंत जिन्याखाली रांग लागली. मावशी वही उघडायची, पट्टी लावून पान अलगद फाडायची, घडी घालून समोरच्याच्या हातात द्यायची. सगळ्यांना एकच वाक्य: "तुमचं माप तुमच्याकडे ठेवा. पुढच्या वेळी येताना घेऊन या." समोरच्या खांबावरून कॅमेरा हे सगळं बघत होता. बघू दे, ती म्हणाली, घडी घातलेल्या कागदातलं त्याला काय दिसणार!

एका जाड्या दुकानदाराने पान उघडून पाहिलं आणि तो हादरला. "मावशी, मी एवढा कधीच नव्हतो!"

"तुम्ही नव्हता, पण तुमची पँट होती. पुढे सरका."

बालवाडीच्या बाई दुपारी शाळा सुटल्यावर आल्या. मावशीने त्यांना पडद्याआड नेऊन पान हातात ठेवलं. बाईंनी ते वाचलं नाही. "मावशी, ते भिंतीवरचे कागद मी..."

"मला सांगू नका. मला तुमची फक्त मापं ठाऊक असलेली बरी." मग मावशीनेच त्यांचा हात धरला. "चूक माझी झाली, बाई. माझ्या तोंडाने घात केला. तो कोट आता घालू नका. मी दुसरा शिवून देते, याच्यापेक्षा चांगला."

संध्याकाळपर्यंत वह्यांची पोटं आत गेली. काही पानं उरली, मेलेल्यांची आणि शहर सोडून गेलेल्यांची. ती सुनेनेच न सांगता बादलीत भिजवली आणि दोन्ही हातांनी कुस्करून त्यांचा लगदा केला. सकाळी रडणारी हीच का ती, म्हणून मावशी तिच्याकडे बघतच राहिली.

ठरल्याप्रमाणे साहेब आला. बरोबर वह्या उचलायला दोन माणसं होती, ती दाराबाहेर थांबली. त्याने आदेश टेबलावर ठेवला. मावशीने चष्मा लावून तो सावकाश वाचला, मग अकराच्या अकरा वह्या त्याच्यापुढे मांडल्या. त्याने पहिली उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. पुठ्ठे, शिवणीचा दोरा आणि आत हवा.

"पानं कुठे आहेत?"

"ज्यांची त्यांच्याकडे. तुमच्या आदेशावर आजची तारीख आहे. पानं काल गेली."

"मावशी, दुकानाला कुलूप लागेल."

"लावा. शिलाई हातात असते, दुकानात नसते."

"तो कोट कुणाचा, हे तुम्हाला आठवत असेलच."

"आठवतं ना. आणि सांगायचं नाही, हेही आठवतं." तिने टेबलाचा खण उघडला. "एक पान मात्र राहिलंय. मालक काल आला नाही, म्हणून ठेवलं."

तिने घडी त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती उघडली. एकवीस वर्षांपूर्वीची शाई, वर त्याचं घरातलं नाव, खाली आकडे आणि तळाला मावशीच्या अक्षरात तीन ओळी: 'डावा पाय पाऊण इंच कमी. कमरेला आतून पट्टी देणे. पोराने शपथ घातलीय, कुणाला कळू द्यायचं नाही.'

साहेब ते पुन्हा पुन्हा वाचत राहिला. चौदा वर्षांचा असताना याच पडद्याआड, आईला बाहेर थांबवून, तो हे बोलला होता. त्याने दाराबाहेरच्या दोघांकडे पाठ केली. आवाज इतका खाली आला की मावशीला पुढे वाकावं लागलं.

"मावशी, याची प्रत कुणाकडे आहे?"

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. भिंतीवरचाच प्रश्न होता. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

"कुणाकडेच नाही, बाळा," ती म्हणाली. "एकच होती. ती आता तुझ्या हातात आहे."

त्याने पानाची बारीक घडी करून आतल्या खिशात ठेवली. पावतीवर लिहिलं: अकरा वह्या मिळाल्या, पानं नाहीत, चौकशी बंद. मावशीने सही केली. दोन्ही माणसांनी पुठ्ठे उचलले आणि साहेब त्यांच्यामागून पायऱ्या उतरू लागला.

मावशीची नजर सवयीने खाली गेली. तयार घेतलेली पँट होती, डाव्या पायाला लोळत होती. पाऊण इंच तरी वर घ्यायला हवी होती. तिने तोंड उघडलं, पण बरोबर ती दोन माणसं होती. तिने तोंड मिटलं, टेप गळ्यात टाकली आणि बाईंच्या नव्या कोटाचं कापड टेबलावर पसरलं. तो एकटा येईल तेव्हा पडद्याआड सांगता येईल.