चार बोटं वरची रेघ

त्या मंगळवारी पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या आवारात हायड्राची बूम खाली आली. तिच्याखाली हिरामणचा पाय होता. डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. यजमान होते तोवर त्यांना नाही, ते गेल्यावर त्यांच्या फोटोलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही मला नीटसं कळलेलं नाही.

हायड्रा म्हणजे पुढे लांब हात असलेली ती पिवळी क्रेन. त्या हाताला बूम म्हणतात आणि तो उचलून धरतो एक जाड सिलिंडर. आत तेल, तेलाच्या दाबावर पिस्टन, पिस्टनला चकचकीत रॉड. पिस्टनभोवतीचं रबराचं कडं, म्हणजे सील, धड असेल तर तेल जागचं हलत नाही, बूम वर राहते. सील बिघडलं तर — बाहेर काहीच दिसत नाही. थेंब पडत नाही, आवाज होत नाही. आतल्या आत तेल एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं आणि बूम उतरते. इतकी हळू, की बघणाऱ्याला ती उभीच वाटते.

यजमानांची शेड हायवेच्या कडेला होती. मी मराठी शाळेत शिकवायचे. रविवारी डबा घेऊन शेडवर जायचे आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत वाचत बसायचे. उसाच्या दिवसांत चलथाणच्या साखर कारखान्याकडून मळीचा वास यायचा. सिलिंडर बांधून क्रेनवर चढवला, की ते बूमला वजन टांगायचे, इंजिन बंद करायचे आणि रॉडवर, सिलिंडरच्या तोंडापासून चार बोटं वर, खडूची रेघ ओढायचे. खडू माझ्या शाळेतला. मग सगळे चहाला जायचे. परतल्यावर रेघ जागेवर असेल तर काम झालं. खाली सरकली असेल तर सिलिंडर पुन्हा खोलायचा.

त्यांचा एक नियम होता — ज्याने बांधलं त्याने रेघ पाहायची नाही. त्याच्या डोळ्यांना हवं तेच दिसतं. म्हणून रविवारी रेघ मी पाहायचे. "तुना डोयासवर भरोसा शे मना," म्हणायचे. घरी आणि शेडवर ते अहिराणीच बोलायचे.

त्या रविवारी त्यांच्या उजव्या हाताला पट्टी होती, बॅटरीच्या ॲसिडने भाजलं होतं. सील चढवलेला पिस्टन सिलिंडरच्या तोंडातून आत घालायचा होता. तोंडाशी आटे असतात, धारदार. त्यांच्यावरून सीलची कड बोटांनी दाबत दाबत न्यावी लागते. "तू कर," ते म्हणाले. "तुना बोटं बारीक शेतस."

हिरामण शेजारी बाकावर बसला होता. हायड्रा तोच चालवायचा. म्हणाला, "वहिनी, तुम्ही चुकल्या तर छडी कोण मारणार?"

"मी चुकत नाही," मी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

पिस्टन आत जाताना माझ्या बोटाला काहीतरी जाणवलं. कसं सांगू? — नखाखाली कच्ची काकडी तुटावी, तेवढंच. सीलची कड कुठेतरी कापली गेली होती. यजमान पिस्टनला मागून नेट देत होते. "गया का?" त्यांनी विचारलं. "गेला," मी म्हणाले.

क्रेन बांधून झाली. रेघ ओढली. पुरुष चहाला गेले आणि मी पुस्तक उघडलं. पान उलटलं नाही. मी रेघेकडे बघत होते आणि रेघ हलत नव्हती. मान खाली घालून दोन ओळी वाचल्या, वर पाहिलं — रेघ खाली होती. सरकताना दिसली नाही. फक्त होती, खाली. त्या टिनाच्या शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं, आणि तरी मला वाटलं, मी पुस्तकात बघेपर्यंत कोणीतरी थांबलं होतं.

किती सोपं होतं. "खोला," एवढंच म्हणायचं. ते कधी रागावले नसते. हिरामणने चेष्टा केली असती, दोन दिवस. मग कशाची भीती होती मला? मुलांच्या वह्यांवर लाल रेघा मारण्यात माझं आयुष्य गेलं, स्वतःच्या वहीवर एक सहन झाली नाही — याहून मोठं कारण मी खूप शोधलं. नाही सापडलं.

मी पदराने रेघ पुसली. चार बोटं मोजून नवी ओढली.

त्या दिवशी बांधणारीही मी होते आणि पाहणारीही मीच. हे त्यांच्या ध्यानात कसं आलं नाही? की आलं होतं, आणि भरोसा नियमापेक्षा मोठा निघाला?

"हालनी का?" आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"नाही हलली."

माझ्या पदरावरचा खडू त्यांनी हाताने झटकला. "ऐतवारले बी शाळा भरनी का, मास्तरीन?"

मंगळवारी हिरामण बूमखाली वाकून साखळी सोडवत होता. तिथे उभे असलेले सांगतात, बूम उतरताना कोणालाच दिसली नाही.

पुढे चौघांसमोर सिलिंडर खोलला. कापलेलं सील निघालं. यजमानांनी ते मुठीत घेतलं आणि म्हणाले, "मना हातखाल कटनं." माझं नाव त्यांनी तिथे घेतलं नाही, घरीही नाही. फक्त एकदा म्हणाले, तुझ्या हाती द्यायलाच नको होतं. तुला काय ठाऊक.

तो दोष त्यांनी सहज उचलला. त्यांना पेलली नाही ती रेघ. सील कापलेलं, आणि रेघ हलली नाही — असं कसं? आयुष्यभर ज्या खुणेवर लोकांचे जीव टांगले, ती खोटी बोलली? त्यांनी नवी कामं घेणं थांबवलं. एक जुना सिलिंडर वजनाखाली उभा करून ते त्याच्यापुढे बसून राहायचे. पाठ फिरवायचे आणि एकदम वळून बघायचे. आपण बघतो तोवर ती हलत नाही, म्हणायचे. मग घरात रेघा दिसू लागल्या. माठावर, पाण्याच्या पातळीशी. दाराच्या कडेला. एका सकाळी मी उठले तर माझ्या उशीच्या टोकाशी रेघ होती आणि ते जागे होते.

मी एक वाक्य बोलले असते तर हे थांबलं असतं. रोज पोळ्या लाटताना ते वाक्य माझ्या तोंडात असायचं. मी ते गिळून जेवायला वाढायचे.

शेवटच्या आजारात ते पलंगावर भिंतीला टेकून बसायचे. एकदा खडू मागितला आणि स्वतःच्या खांद्यालगत भिंतीवर रेघ ओढली. दिवसागणिक अंग खचत गेलं, खांदा रेघेखाली गेला. चार बोटं, मग त्याहून जास्त. मान वळवूनही त्यांना ती दिसत नव्हती.

"मी खाले जाई राहिनू," म्हणाले. "देख ना, मास्तरीन. हालनी का?"

मी रेघेकडे पाहिलं. त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही हलली," मी म्हणाले.

त्यांनी माझा पदर हातात घेतला आणि झटकला. त्यावर काही नव्हतं. मग डोळे मिटले. ते झटकणं मला आजही कळलेलं नाही.

हिरामण येतो अधूनमधून. जयपूर फूट लावून सावकाश चालतो. चहा पितो, फोटोपुढे क्षणभर उभा राहतो. "दादांनी माझ्यापायी धंदा सोडला, वहिनी," म्हणतो. मी कपबशी उचलते.

शेड दुसऱ्याला दिली. सिलिंडर भंगारात गेला. घराला रंग दिला तेव्हा पलंगामागची तेवढी भिंत मी सोडायला सांगितली. आता त्या पलंगावर मी बसते, तिथेच टेकून. गेल्या दिवाळीत ती रेघ माझ्या खांद्याशी होती. आता कानाशी आहे. गादीचा कापूस बसला असेल.

रेघ हललेली नाही.