शनिवारचं माप

माझ्या थोरल्या जाऊबाई खोटं बोलतात. तोंडावर बोलतात, चारचौघांत बोलतात आणि तेही इंचांत बोलतात. तीस वर्षं बायकांचे कपडे शिवताहेत, पण एकीला तरी तिचं खरं माप सांगितलं असेल तर शपथ. मी त्यांची धाकटी जाऊ. काज-बटणं माझ्याकडे आणि मापाची वही लिहिणंही माझ्याकडे, म्हणजे त्या खोटेपणात निम्मा वाटा माझा.

आमचं दुकान म्हणजे एकच खोली. रस्त्याकडे दार, दोन मशीनं, कापड बेतायचं टेबल, कोपऱ्यात पडदा आणि पडद्याला लागूनच गिऱ्हाइकांचं बाकडं. जाऊबाईंनी पडद्याआड माप घ्यायचं, मोठ्याने मला सांगायचं आणि मी लिहायचं. आता पडदा डोळ्यांना असतो, कानांना कुठला? बाकड्यावरच्या बायका तोंडाने हवापाण्याच्या गप्पा मारणार आणि कान मात्र पडद्याच्या आत. दुकान नवं होतं तेव्हा एकीची कंबर अशीच मोठ्याने सांगितली गेली. ती बाई घरी पोचायच्या आधी तिची कंबर पुढच्या गल्लीत पोचली. पुन्हा काही ती आमची पायरी चढली नाही. जाऊबाईंना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "अगं, आजपासून मी कमी सांगणार. सोमवारी एक इंच, मंगळवारी दोन, असं वाढवत शनिवारी सहा. तू ऐकशील ते लिही आणि शेजारी वार टाक. बेतताना मी मिळवून घेईन."

"आणि कुणी विचारलं तर?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ठाऊक आहे मला. पण एवढं एक गिळ बाई."

गिळलं. का कोण जाणे, पण महिन्याभरात शनिवारी आमच्याकडे रांग लागायला लागली. बायका म्हणायच्या, शनिवारी कसं हलकं हलकं वाटतं.

वहीत नावंसुद्धा नाहीत. जाऊबाईंनी प्रत्येकीला एक खूण दिलेली. बेकरीवाली म्हणजे 'उलटी छत्री', औषधांच्या दुकानातली 'दोन मांजरी', शाळेच्या मोठ्या बाई 'तासाची घंटा'. कुणी वही पळवलीच तर हाती काय लागणार? छत्र्या आणि मांजरी.

मोठ्या बाईंची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्या चपलांचा आवाज आला की अख्खी शाळा गप्प होते, शिक्षकांसकट. सात वर्षांपूर्वी त्या तीन महिने रजेवर गेल्या आणि परत आल्या त्या कोट घालूनच. उन्हाळा असो, काही असो, अंगावर कोट. त्यांचं माप जाऊबाई दुकान मिटल्यावर घ्यायच्या आणि नेमकं तेव्हाच त्यांना कुठलासा दोरा हवा असायचा. मी निमूट दोरा आणायला जायचे. पण कोटाला बटणं मीच लावते ना! पहिल्याच कोटाला सुई अस्तरातून आत गेली ती मऊमऊ थरांत बुडाली. हात फिरवून पाहिला. भरलेलं होतं ते फक्त डावीकडे. मी काही दूधखुळी नाही. ऑपरेशनात एक बाजू गेली होती आणि जाऊबाई ती बाजू कापसाने भरून देत होत्या, इतकी बेमालूम की समोरून कुणाच्या बापाला कळू नये. माझे डोळे भरून आले. बटण लावलं, दोरा तोडला आणि कोट घडी करून ठेवला. मला कळलंय हे मी जाऊबाईंनाही कळू दिलं नाही.

तर असं आमचं बरं चाललेलं असताना घरात सून आली. जाऊबाईंची सून. पोर हुशार, कामाला वाघ, मनाने सोनं. फक्त हातातला फोन खाली ठेवला तर बोटं गळून पडतील की काय अशी तिला भीती.

"आई, ही वही भिजली तर? उंदराने खाल्ली तर?" ती जाऊबाईंच्या मागे लागायची. "पुढे सगळं फोनमध्येच असणार आहे. माप, तब्येत, चेहरा, आवाज, सगळं. आत्ताच शिकून घ्यायला नको का?"

"चेहरा काय, रस्त्यात दिसतोच," जाऊबाई खडूने रेघ मारता मारता म्हणायच्या. "कंबर मात्र जिची तिने सांगावी."

मग जाऊबाई आठवड्यासाठी बहिणीकडे गेल्या, तिचा पाय मोडला होता म्हणून. सुनेच्या डोक्यात आलं, परत येईपर्यंत सगळी मापं ॲपमध्ये भरून ठेवायची आणि सासूला चकित करायचं. कुठलंसं फुकटचं ॲप होतं. फुकट म्हटलं की मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! तिने वहीच्या पानापानाचे फोटो काढले. पण ॲपला छत्र्या-मांजरी चालेनात, त्याला नावं हवी होती. नाव कळलं की नंबर दुकानाच्या फोनमध्ये होतेच.

तिने चहा केला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "काकू, ही वही तुमच्याशिवाय कुणाला वाचता येणार हो?"

झालं. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. चढले ती शेंड्यावर जाऊन बसले. 'उलटी छत्री' कोण, 'दोन मांजरी' कोण, 'खोकला' कोण आणि तो खोकला तिला कधीपासून आहे, सगळं सांगितलं. दोन दुपारी सांगत होते. तिने विचारलं, "हे वार कसले?" मी म्हटलं, "ज्या दिवशी माप घेतलं तो वार." त्यात काय खोटं होतं? इंचांचं तेवढं पोटातच राहिलं.

मग 'तासाची घंटा'चं पान आलं. इतर पानांवर माझं अक्षर. या पानावर जाऊबाईंचं, ठसठशीत: डावी बाजू, कापूस, दोन थर.

"काकू, हा कापूस कशाला?"

"थंडी बाधते बाईला. छाती धरते."

"एकाच बाजूला?"

"वाऱ्याची बाजू असते एकेकाची," मी म्हटलं. काय बोलले ते माझं मलाच कळलं नाही.

"आणि नाव?"

"विसरले."

"तुम्ही? विसरलात?" पोरीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप चढलाय. मग तिने नावाच्या जागी 'अनोळखी' लिहिलं आणि पान उलटलं.

जाऊबाई शनिवारी सकाळी परतल्या. अजून पिशवी खाली ठेवली नव्हती तोच बेकरीवाली दारात, हाताला पीठ तसंच. फोन नाचवत म्हणाली, "हे काय आहे? कोण कुठली कंपनी मला लिहितेय, तुमच्या कमरेला शोभेल असा झगा आहे म्हणून! आणि खाली कमरेचा आकडा!" तिच्या मागोमाग औषधवाली आली, मग आणखी दोघी, आणि बघता बघता बाकडं भरून बायका दारात उभ्या राहिल्या. त्या ॲपवाल्यांनी दुकान थाटलं होतं, पण कुलूप लावायला विसरले होते. नाव टाकलं की कुणालाही कुणाचंही माप दिसत होतं.

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. तिने रडत रडत जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वही ओढली, थेट एका पानावर गेल्या, पाहिलं आणि वही मिटली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "माझ्याच अक्षरात आहे गं. आता मी कुठे तोंड दाखवू?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा मला कुणी बोलू दिलं नाही. बेकरीवालीच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. तेवढ्यात औषधवाली चष्मा वर करून म्हणाली, "थांबा हो जरा. हा आकडा तुमचा?"

"माझाच! जगजाहीर केला!"

"या आकड्यात तुमची एक मांडी मावेल फार तर."

मग एकेकीने आपापला आकडा पुन्हा नीट पाहिला. मग शेजारणीचा. शनिवारवाल्या सगळ्या छडीसारख्या बारीक निघाल्या.

"पण तुमचा कपडा तर अंगाला चपखल बसतो," औषधवाली जाऊबाईंना म्हणाली.

"आकडे खोटे आहेत," जाऊबाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं खोटे आहेत. किती खोटे, ते माझ्याबरोबर जाणार."

आधी कोण हसलं ठाऊक नाही, पण मग सगळ्याच हसत सुटल्या. बेकरीवालीने डोळे पुसले, त्यामुळे गालभर पीठ झालं. "म्हणजे जगभर मी बारीक झाले म्हणा की! राहू द्या हो तसंच. माझ्या नणंदेला दाखवते."

आणि तेवढ्यात चपलांचा आवाज आला. बायका आपोआप सरळ बसल्या. मोठ्या बाई आत आल्या. कोट, वरपर्यंत बटणं लावलेली. हातात फोन नव्हता. त्यांना बहुतेक रस्त्यातच कुणीतरी सांगितलं असावं. त्या थेट टेबलापाशी गेल्या आणि जाऊबाईंना विचारलं, "मी आहे त्यात?"

आवाज शाळेतलाच, पण टेबलाची कडा त्यांनी घट्ट धरली होती, मी स्टुलावरून पाहत होते. जाऊबाईंनी मिटलेल्या वहीवर हात दाबून धरला.

"नाही," मी म्हणाले. "तुमचं नावच मी सांगितलं नाही."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मोठ्या बाई वळल्या. "सगळ्यांची सांगितलीत. माझंच नाही? का?"

आता बाकड्यावर दहा बायका, वीस कान. काय सांगणार? उचलली जीभ, लावली टाळ्याला: "भीती वाटते हो तुमची! माझ्या मुलाला दोनदा वर्गाबाहेर उभं केलंत. म्हटलं, आता आईलाही करतील."

पुन्हा हशा पिकला. मोठ्या बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे पाहत राहिल्या. गणितात कॉपी केलेल्या मुलाकडे पाहतात ना, तसं. मग म्हणाल्या, "बरं," आणि निघून गेल्या. जाऊबाई मटकन खुर्चीवर बसल्या.

सुनेने त्या कंपनीला लिहिलं, भांडली, फोनवर फोन केले. सगळं पुसलं म्हणून कळवलं त्यांनी. पुसलं की झाकलं, ते कुणी पाहिलंय? पोर तीन दिवस जेवताना मान वर करेना. शेवटी जाऊबाईच म्हणाल्या, "उंदीर खाईल म्हणालीस ते काही चूक नव्हतं. पण वही मांजराकडे दिलीस. आता डोकं चालव आणि तिसरं काहीतरी काढ." तिने काढलंही. आता दुकानात माप ठेवायचंच नाही. जिचं माप तिच्याच फोनमध्ये, तिच्याच कुलपात. कपडा टाकायला आली की उघडून दाखवायचं, कपडा झाला की आमच्याकडचा कागद तिच्यासमोर फाडायचा. पुढे म्हणे सगळीकडे असंच होणार आहे, डॉक्टरकडे, बँकेत, सगळीकडे. होवो बापडं! सध्या तरी निम्म्या बायका कुलपाचा आकडा विसरतात आणि जाऊबाईंना पुन्हा टेप काढावी लागते. बेकरीवालीने तर तो कुलपाचा आकडा विसरू नये म्हणून बेकरीच्या भिंतीवर लिहून ठेवलाय. तिच्यापुढे हात टेकले बाई!

आठेक दिवसांनी, दुपारी, मी एकटीच दुकानात होते. जाऊबाई कापड आणायला गेल्या होत्या. मोठ्या बाई आल्या.

"जाऊबाई नाहीत," मी म्हटलं. "तासाभरात येतील."

"तुमच्याकडेच काम आहे. बटण सैल झालंय."

त्यांनी दार लोटलं नाही, पडद्याआड गेल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून एकेक बटण काढलं, कोट उतरवला आणि माझ्या हातात दिला. आत साधा पातळ शर्ट होता. मग त्या बाकड्यावर बसल्या, हात मांडीवर ठेवून. मी पाहिलं नाही असं म्हणणार नाही. पाहिलं, आणि त्यांनी पाहू दिलं.

"कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या कोटापासून."

"सात वर्षं," त्या म्हणाल्या. "आणि कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. जाऊबाईंनाही नाही."

त्यांनी मान हलवली. रस्त्याकडे पाहत बसल्या. खांदे खाली आले होते त्यांचे. इतक्या वर्षांत मी त्यांना पाठ टेकून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि कोट मांडीवर घेतला.

एकेक बटण ओढून पाहिलं. सगळी घट्ट होती. मग मी वरचं एक कात्रीने कापलं आणि पुन्हा लावायला घेतलं.