भरलेली पाटी पुसणारा माणूस

शाळा तपासायला आलेले डिप्टी साहेब पायरीवर चपला काढत होते, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या चौथीच्या गुरुजींनी माझी भरलेली पाटी ओल्या फडक्यानं पुसून टाकली. सकाळपासून लिहिलेला निबंध होता. ‘आमचा भाजीचा मळा’. बाबा बाहेर ओसरीवर उभे होते, साहेबांच्या जेवणासाठी वांग्यांची टोपली घेऊन. त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, “साहेबानं चांगलं म्हटलं तं पाचवीले मावशीकडं वर्ध्याले धाडीन. नाईतं मळ्यात हात कमी पडून राह्यले.” गुरुजींना हे माहीत होतं. तरी पुसली. असा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

मी ओरडले, “गुरुजी, काऊन पुसली?”

“सोनेरी किरणं, मंद वारा, हे तं पुस्तकातून उतरवलं तू. तुमच्या वांग्याले अळी लागली, बाप पहाटे अळ्या वेचते, ते कुठं आहे?”

“साहेब आले ना!”

“येऊ दे. साहेबासाठी अळी जात नाई.”

या माणसाची श्रद्धा एकाच गोष्टीवर होती: जे पहिल्यांदा लिहिलं जातं ते लिहिणं नसतं, ते फक्त हात मोकळा करणं असतं. लिहा, पुसा, पुन्हा लिहा. पाटीवरचं त्यांना पटलं तरच कागद मिळायचा. सबंध वर्ष काही पोरांना कागद दिसला नाही. निबंध, पत्र, अर्ज, हकीकत, निमंत्रण, सगळे प्रकार ते शिकवत आणि प्रत्येकाला वेगळा स्वभाव आहे असं सांगत, जसे काही ते त्यांचे नातेवाईकच. “अर्ज म्हणजे दारात उभा पाहुणा. काम सांगायचं अन् निघायचं. पत्र म्हणजे जेवायले बसलेला. त्याले घाई नसते.” एखाद्या पोरानं अर्जात साहेबाच्या बायकामुलांची खुशाली विचारली की त्याच्या पाटीवर फडकं फिरलंच.

आणि आमच्या सिंदी गावच्या लोकांना विचारा, त्यांचं हे वेड शाळेत मावत नव्हतं. कापसाच्या दिवसांत जिनिंग कारखान्याच्या दारात बैलबंड्यांची रांग लागे. बंडीवाले नंबर येईपर्यंत जुवाखाली आडवे पडलेले असत. गुरुजी आम्हाला पाट्या घेऊन तिकडे पिटाळत. आपली हकीकत बंडीवाल्याला वाचून दाखवायची. त्यानं “मंग काय झालं?” असं विचारलं तर पास. तो झोपला तर पाटी पूस. आमच्यातल्या एकीनं शहाणपणा केला, बंडीवाल्याला आधी चहा पाजला. तो बिचारा डोळे ताणून जागा राहिला, तिच्या प्रत्येक ओळीला “वा बाई, वा” म्हणाला. गुरुजींना कळलं. “चहा पिऊन कोणीही वा म्हणते,” म्हणाले. “जा, उपाशी माणूस पाह्य.” त्या उन्हात आम्ही पाट्या घेऊन झोप न आलेले बंडीवाले शोधत फिरायचो. बैल आमच्याकडे पाहून शेपट्या हलवायचे. याला काय शिकवणं म्हणतात?

एका व्यापाऱ्यानं मुलाच्या लग्नाची पत्रिका गुरुजींच्या घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ती लाल शाईनं दुरुस्त करून परत नेऊन दिली. “देवाधर्माची अन् काकामामाची नावं वाचता वाचता लगीन कोणाचं हेच विसरलो. नवरदेवाले वर घ्या.” व्यापारी चिडला, म्हणाला, “गुरुजी, तुम्हाले जेवायले बोलावलं का पेपर तपासायले?” गुरुजी तरीही लग्नाला गेले, जेवलेही पोटभर. घरात त्यांची बायको सगळ्यांच्या वरचढ होती. आम्ही पोरी एकदा त्यांच्या अंगणात पाट्या दाखवायला गेलो होतो, तेव्हा गुरुजींनी ताटावरून आवाज दिला की वरणात मीठ नाही. बाई आतून म्हणाल्या, “पहिलंच वरण आहे ते. पुसून टाका, दुसरं करा!” आम्ही हसलो. गुरुजी गुपचूप जेवले.

तर, माझी पाटी ओली. डिप्टी साहेब वर्गात आले, पाट्या पाहत पाहत माझ्यापाशी थांबले. “हिनं काहीच लिहिलं नाही?” ओसरीवरून बाबा पाहत होते. गुरुजी म्हणाले, “लिहिलं होतं, साहेब. सुधरून राह्यली.” साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मला म्हणाले, “मी शेजारच्या वर्गात जाऊन येतो. तोवर काय वाटेल ते लिही.”

मला एकच वाटत होतं. मी अर्ज लिहिला, साहेबांच्या नावानं, गुरुजींविरुद्ध. ‘आमचे गुरुजी दुष्ट आहेत. त्यांचे वाटोळे व्हावे ही विनंती.’ इतकी रागात होते की लेखण मोडली. गुरुजी मागून आले, वाचलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. ते खाली बसले, माझ्या शेजारी जमिनीवर.

“दुष्ट हे तुझं मत झालं,” ते हळूच म्हणाले. “मी काय केलं, ते लिही. साहेबाले ठरवू दे.”

मी पुसलं, लिहिलं.

“अन् हे वाटोळं? माझं वाटोळं करणं साहेबाच्या हातात नाई. जे त्याच्या हातात आहे ते माग.”

मी पुन्हा पुसलं. ‘विनंती अर्ज ऐसाजे, माझा लिहिलेला निबंध गुरुजींनी आपण येताना पुसला. त्यामुळे आपणांस दाखवण्यास माझ्याजवळ काही नाही. यात माझी चूक नाही. मला पाचवीत पाठवण्याविषयी माझ्या वडिलांस सांगावे.’ गुरुजींनी दोनदा वाचलं. एक अक्षर बदललं नाही. टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

साहेब तो कागद वाचून इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. बाबांना आत बोलावलं, अर्ज वाचून दाखवला. “पोरगी हुशार आहे. पाठवा पुढं.” बाबा हात जोडून म्हणाले, “हो साहेब.” टोपली ठेवली आणि निघाले.

घरी येऊन आईला म्हणाले, “गुरुजीविरुद्ध अर्ज करते पोरगी. उद्या सासऱ्याविरुद्ध करन. बस झाली शाळा.”

त्यानंतर गुरुजी दर बाजाराच्या दिवशी आमच्या भाजीपाशी यायचे. आधी एक विनंती लिहून आणली, बाबांना वाचून दाखवली. पुढच्या बाजारी तीच सुधारून, लहान करून आणली. बाबा म्हणायचे, “गुरुजी, वांगे घ्या, नाईतं बाजूले सरका. गिऱ्हाईक थांबून राह्यलं.” गुरुजी वांगी घ्यायचे. शेवटच्या खेपेला हातात काहीच लिहिलेलं नव्हतं. चारचौघांत हात जोडून म्हणाले, “चुकी माझी आहे, भाऊ. पाटी मी पुसली. पोरीले काऊन शिक्षा?”

बाबांनी तराजू उचलला. गिऱ्हाइकाची वांगी तोलायला घेतली.

म्हाताऱ्यांवर राग धरू नये म्हणतात. मी धरते. बाबांवर थोडा कमी, कारण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गुरुजींवर जास्त, कारण त्यांना सगळं कळत होतं. मान्य नसलेली एक ओळ त्या दिवसापुरती राहू दिली असती तर काय आभाळ कोसळलं असतं? पण माझ्यासाठी भर बाजारात हात जोडणारा माणूस पुन्हा मला कुठे भेटला नाही, माहेरी नाही आणि सासरीही नाही.

पावसाळ्यात शाळा उघडल्या. बरोबरीची पोरं पाचवीसाठी नवे कपडे घालून वर्ध्याच्या गाडीला स्टेशनाकडे निघाली, आमच्याच बांधावरून. मी वांग्याच्या वाफ्यात तण निंदत होते. दहा वर्षांची होते.