रघूची इंग्रजी पोथी

लालबागच्या आमच्या खोलीत एका गावची माणसं राहत. गाव तळकोकणातलं. सगळे गिरणीत, कोणी साच्याच्या यंत्रावर, कोणी विणाईच्या साळखात्यात. एक पाळी कामाला गेली की दुसरी तिच्या जागेवर पाठ टेकायची. संप झाला, गिरण्या बंद पडल्या आणि सगळ्या पाळ्यांची माणसं एकाच वेळी खोलीत आली. तेव्हा कळलं, ही खोली आपल्या सगळ्यांसाठी कधी नव्हतीच.

त्या दाटीत रघुवीर एम.ए. करत होता. विषय राज्यशास्त्र. बाप लहानपणीच गेलेला, चुलत्यानं वाढवलेला. चुलता तुळशीदास आमच्यातच, बोलायला कमी, ऐकायला पहिला. संपात बरेचजण गावी गेले, पण रघूला खोलीनं जाऊ दिलं नाही. खोलीतले वडीलधारे शामराव म्हणाले, "सायबाशी सायबाच्या भाषेत बोलणारो एक तरी आपलो होयो." आमच्या ताटातला घास त्याच्या ताटात जायचा आणि त्याचं कुणाला वाईट वाटायचं नाही.

पण रघूचं शिक्षण मराठीतलं, रात्रशाळेचं. विद्यापीठात पुस्तकं इंग्रजी, वादही इंग्रजीत. एकदा भर वर्गात उभा राहिला आणि तोंडातून शब्द फुटला नाही. प्राध्यापक म्हणाले, संपावरच्या पुढच्या चर्चेत बोलला नाहीस तर हा विषय सोड.

मग तो गिरगावात तात्यांकडे जाऊ लागला. तात्या कचेरीतून निवृत्त झालेले, इंग्रजीवर जीव. त्यांनी त्याला अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावले, मग त्यांना उत्तरं द्यायला लावली. शेवटी म्हणाले, "स्वतःची बाजू कोणीही मांडतो. मालकाची बाजू मांड, मालकापेक्षा चांगली. तेव्हा भाषा आली म्हण."

रघूनं ती इंग्रजीत लिहून मांडली. गॅलरीत उभा राहून घोकू लागला. आवाज त्याचा मुळात गोड. भिंतीला टेकलेली माणसं हळूहळू सरळ बसली.

श्रावण चालू होता. आमच्याकडे श्रावणात पोथी लागते. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे हात जोडून ऐकतात. त्या वर्षी पोथी वाचणारा गावी गेलेला.

"अरे रघू," खोलीतला रामू म्हणाला, "इंग्रजी तुका, अर्थ आमका. सांग बघू."

सगळे हसले. रघूही हसला. संध्याकाळी त्यानं दिव्यापाशी बसून इंग्रजीत वाचलं आणि वाक्यागणिक मराठीत अर्थ सांगितला. यंत्रं जुनी झाली. संप जिंकला तरी सगळे आत जाणार नाहीत. आधी परततील ते राहतील, मागाहून येतील त्यांना फाटक उघडणार नाही. मालकाची बाजू आहे, हे सांगायचं त्याला सुचलंच नाही. पोथी कुणाची, हे पोथी वाचणारा कधी सांगतो?

मी तुळशीदासकडे पाहिलं. त्याचे हात जोडलेले होते.

चर्चेचा दिवस आला. रघू विद्यापीठात न अडखळता बोलला. प्राध्यापकांनी पाठीवर हात ठेवला. त्याच दिवशी पोलिसांच्या गाडीमागून काही कामगार संप मोडून गिरणीत शिरले. त्यांत तुळशीदास होता.

आमच्या खोलीत कुणाला हाकलायचं तर भांडत नसत. त्याची ट्रंक उचलून गॅलरीत ठेवत. रघू आनंदात जिना चढून आला, तर चुलत्याची ट्रंक बाहेर.

त्याला कळायला वेळ लागला नाही. "ती माझी बाजू नव्हती हो," तो शामरावांना म्हणाला. "सराव होता तो."

"मगे दिव्यापुढे वाचलंस कित्याक?" शामराव म्हणाले आणि आत वळले.

तुळशीदास पाळी संपवून आला. ट्रंक पाहिली आणि कडीला हात घातला.

"काका, ता खरा नव्हता. माका तसा बोलूक सांगलेला."

चुलत्यानं कडी सोडून त्याच्याकडे पाहिलं. "खोटा एवढा बरा बोलूक येता तुका?"

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर रघू वाचला असता. त्यानं आत जाऊन स्वतःची ट्रंक आणली आणि दोघं जिना उतरले. आम्ही कुणी थांबा म्हटलं नाही.

तुळशीदासला गिरणीनं काही महिने ठेवलं, मग त्यालाही फाटक दाखवलं. गावी गेला तर पंगतीला शेजारी कोणी बसेना. परत येऊन माझगावला एका गोदामावर राखणीला राहिला, तिथंच खोकत संपला. खोलीतून खांद्याला कोणी गेलं नाही. आणि फाटक तर आम्हालाही कधी उघडलं नाही. रघूनं वाचलेलं सगळं पोथीसारखं खरं झालं, हे त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही.

आता तो दादरला राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलांना वरच्या पायरीचं इंग्रजी शिकवतो. क्लासचं दार मी उघडतो, झाडतो. ती नोकरी त्यानंच मला दिली. तात्यांची रीत त्यानं सोडलेली नाही. समोरच्याची बाजू मांडायला लावतो. पण आधी विचारतो, "घरी कोण ऐकतं तुझं?"

मुलांना वाटतं, सर चौकशी करतात. परवा बकुळा नावाची मुलगी हसून म्हणाली, "आजोबा ऐकतात, सर. इंग्रजी कळत नाही, पण समोर बसून राहतात. मग मी अर्थ सांगते."

रघूच्या हातातला खडू फळ्यावर टेकून थांबला.

"त्यांना सांग, ही बाजू तुझी नाही," तो म्हणाला. "वाचून झाल्यावर नको. आधी सांग."

मी दाराशी झाडू घेऊन उभा होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.